शून्य कुठे धरायचे? : तंजावर, तापमापक आणि परिमाणांचे भाषांतर

परिमाणांचे रूपांतर हा विषय साहित्याच्या अभ्यासकांनी सहसा आपला मानलेला नाही. कोसाचे मैल करणे, मणाचे किलो करणे किंवा एका तापमापकावरील अंश दुसऱ्या तापमापकाच्या अंशांत सांगणे ही कामे गणिताची, फार तर कारकुनीची, असे गृहीत धरले जाते. परंतु ज्या समाजात एकाच वेळी अनेक भाषा, अनेक कालगणना आणि अनेक मापे चालू असतात, तेथे रूपांतर हा भाषांतराचाच एक प्रकार ठरतो. आणि भाषांतराविषयी जे प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाने उपस्थित केले आहेत, त्यांतील काही प्रश्न या रुक्ष वाटणाऱ्या कामात अधिक स्पष्ट रूपात दिसतात. अशा समाजाचे ठळक उदाहरण म्हणजे मराठी राज्यकर्त्यांचे तंजावर. तापमानाच्या रूपांतराच्या निमित्ताने या नगरीच्या बौद्धिक इतिहासातील एका प्रश्नाकडे लक्ष वेधणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

रूपांतराचे तीन प्रकार

व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तंजावर येथे स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य १८५५ पर्यंत टिकले. या पावणेदोनशे वर्षांत तेथील दप्तर प्रामुख्याने मोडी लिपीत आणि मराठीत लिहिले गेले. प्रजेची भाषा तमिळ होती, दरबारी संगीत-नाट्यात तेलुगू प्रतिष्ठित होती, शास्त्रांची भाषा संस्कृत होती, आणि अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून इंग्रजीचा प्रवेश होत गेला. जी गोष्ट भाषांची तीच मापांची. दप्तरात चक्रम आणि पणम या स्थानिक नाण्यांचे हिशेब येतात, धान्य कळम या तमिळ मापाने मोजले जाते, आणि कंपनीशी व्यवहार करताना होन वा रुपये यांचा आकडा काढावा लागतो. तंजावरच्या कारकुनाला म्हणूनच रोज रूपांतर करावे लागत असे, आणि त्यासाठी त्याच्याजवळ एक जुने, खात्रीचे साधन होते. ते म्हणजे त्रैराशिक. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’पासून गावच्या पंतोजीपर्यंत सर्वांनी शिकवलेली ही रीत. एक चक्रम म्हणजे इतके पणम, तर पन्नास चक्रम म्हणजे किती? भाव माहीत असला की गुणाकार-भागाकाराने उत्तर मिळते. येथे दोन्ही मापांचे शून्य एकच असते. ज्याच्याजवळ शून्य चक्रम आहेत त्याच्याजवळ शून्य रुपयेही असतात.

कालगणनेचे रूपांतर याहून वेगळे आहे. बृहदीश्वर मंदिराच्या आवारात सरफोजीराजांनी भोसले वंशाचा विस्तृत मराठी इतिहास शिलांवर कोरविला. हा लेख १८०३ सालचा, म्हणजे शके १७२५ चा. शकाचे इसवी सन करताना गुणाकार लागत नाही. अठ्ठ्याहत्तर मिळवले की काम भागते (वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत एकोणऐंशी). वर्षाची लांबी जवळजवळ तीच. फक्त मोजणीचा आरंभ निराळा. नाण्यांच्या बाबतीत शून्य समान आणि एकक भिन्न. शकांच्या बाबतीत एकक समान आणि शून्य भिन्न.

तापमानाच्या बाबतीत दोन्ही भिन्न असतात. फॅरनहाइटच्या मापनपट्टीवर पाणी ३२ अंशांवर गोठते आणि २१२ अंशांवर उकळते. सेल्सिअसच्या पट्टीवर हेच दोन बिंदू ० आणि १०० येथे येतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्युर याच्या पट्टीवर ० आणि ८० येथे. म्हणून फॅरनहाइटचे सेल्सिअस करताना प्रथम ३२ वजा करावे लागतात, मग उरलेल्या संख्येला पाचाने गुणून नवाने भागावे लागते. आधी आरंभबिंदू सरकवायचा, नंतर एकक बदलायचे. त्रैराशिक येथे एकट्याने पुरे पडत नाही. नाणी आणि शक यांच्या रूपांतरात मुरलेल्या माणसाला या तिसऱ्या प्रकारात चुकण्याचा संभव अधिक असतो, कारण त्याच्या हातात असलेली दोन्ही साधने येथे लागतात, पण ठरावीक क्रमानेच लागतात.

दरबारातील ग्रंथ आणि दोन मापनपट्ट्या

दुसरे सरफोजीराजे (१७७७–१८३२) यांचे शिक्षण ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्‌झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली झाले. १७९८ मध्ये ते गादीवर आले आणि १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला आणि त्याच्या परिसरातील अधिकार तेवढे राहिले. सत्ता संकोचली, परंतु ग्रंथसंग्रह, वैद्यक, शिक्षण आणि मुद्रण यांना त्यांनी जे वळण दिले त्याची व्याप्ती या मर्यादित राज्याहून कितीतरी मोठी होती. सरस्वती महालातील ग्रंथालयाची त्यांनी केलेली वाढ, धन्वंतरी महालातील औषधोपचारांचा उपक्रम, अनेक भाषांतून शिक्षण देणाऱ्या ‘नवविद्या’ शाळा, ‘नवविद्याकलानिधी’ हा देवनागरी खिळ्यांचा छापखाना या गोष्टी परिचित आहेत.

१८२६ च्या मार्च महिन्यात कलकत्त्याचा बिशप रेजिनाल्ड हेबर तंजावरला आला. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ३ एप्रिल रोजी, तिरुचिरापल्ली येथे त्याचा मृत्यू झाला. तंजावरच्या या भेटीविषयी त्याने लिहिलेल्या पत्रात, हा हिंदू राजा फूरक्र्वा, लाव्वाझिए, लिनिअस आणि ब्यूफाँ यांचे दाखले सहज देतो, याचे आश्चर्य नमूद आहे. भेटीच्या वृत्तान्तांत राजांच्या ग्रंथालयातील निर्वात पंप, विद्युत्‌यंत्र, हस्तिदंती सांगाडा आणि खगोलीय उपकरणे यांचेही उल्लेख येतात. या नामावळीतील पहिली दोन नावे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. फूरक्र्वा आणि लाव्वाझिए हे दोघेही नव्या फ्रेंच रसायनशास्त्राचे प्रवर्तक. लाव्वाझिएच्या १७८९ च्या ग्रंथाचा आरंभच उष्णतेच्या विवेचनाने होतो, आणि तापमानाचे आकडे तो रेओम्युरच्या अंशांत देतो.

या फ्रेंच ग्रंथाचे रॉबर्ट कर याने केलेले इंग्रजी भाषांतर १७९० मध्ये एडिंबरो येथे प्रसिद्ध झाले. इंग्रज वाचक फॅरनहाइटच्या अंशांना सरावलेला; म्हणून फ्रेंच वजने-मापे आणि रेओम्युरचे अंश यांची इंग्रजी रूपांतरे करण्याची कोष्टके ग्रंथाच्या शेवटी द्यावी लागली. भाषांतरकाराला शब्दकोशाबरोबर मापकोष्टकही पुरवावे लागले, ही गोष्ट भाषांतराच्या इतिहासात दुर्लक्षित राहिली असली तरी अर्थपूर्ण आहे. वाक्याचे भाषांतर झाले तरी वाक्यातील संख्या परभाषेतच राहू शकते. संख्या सर्वांना सारखी कळते हा समज येथे फोल ठरतो.

तंजावरभोवतीचे वातावरणही या द्वैताला पोषक होते. पूर्वेला समुद्रकाठी तरंगमबाडी ही १८४५ पर्यंत डेन्मार्कच्या ताब्यात असलेली वसाहत आणि तेथील जर्मन मिशनरी. रेओम्युरची पट्टी फ्रान्सप्रमाणेच जर्मन भाषक प्रदेशांतही दीर्घकाळ चालू होती. लिनिअसचा शिष्य योहान गेऱ्हार्ड कोनिग १७६८ मध्ये तरंगमबाडीला आला तो स्वीडनच्या शास्त्रपरंपरेचा संस्कार घेऊन. उत्तरेला मद्रास, तेथील वेधशाळेत जॉन गोल्डिंगहॅम याने १७९६ पासून हवामानाच्या नोंदी ठेवल्या, त्या इंग्रजी प्रथेप्रमाणे फॅरनहाइटमध्ये. एका बाजूने येणारा अंश आणि दुसऱ्या बाजूने येणारा अंश यांत सव्वादोन पटींचे अंतर होते, कारण रेओम्युरचा एक अंश म्हणजे फॅरनहाइटचे सव्वादोन अंश. कोणत्या पट्टीचा हे न सांगता ‘२८ अंश’ एवढेच लिहिले, तर रेओम्युरप्रमाणे ती फॅरनहाइटची ९५ अंशांची कडक दुपार होते, सेल्सिअसप्रमाणे सौम्य पहाट होते, आणि फॅरनहाइटप्रमाणे पाणी गोठविणारी थंडी होते. जुन्या कागदांतील आकडा वाचताना लेखकाची भाषा, त्याचा गुरू आणि त्याने वाचलेला ग्रंथ यांचा शोध आधी घ्यावा लागतो तो यासाठी. पाठचिकित्सेचे जे तत्त्व शब्दाला लागू, तेच आकड्यालाही लागू.

न पाहिलेले शून्य

तापमापकाच्या पट्टीवरील बिंदू अनुभवातून घेतलेले असतात. परंतु कोणाच्या अनुभवातून, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. डानिएल गाब्रिएल फॅरनहाइट (१६८६–१७३६) याने १७२४ मध्ये जी पट्टी मांडली तिचे तीन आधार होते : बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा थंडपणा म्हणजे शून्य, बर्फ आणि पाणी यांच्या मिश्रणाचा बिंदू ३२, आणि निरोगी माणसाच्या अंगाची ऊब ९६. रेओम्युरने १७३० मध्ये बर्फालाच शून्य मानले. आंडर्स सेल्सिअसने १७४२ मध्ये शंभर भागांची पट्टी मांडली, ती मात्र आजच्या उलट होती : पाणी उकळते तेथे शून्य आणि गोठते तेथे शंभर. १७४४ मध्ये त्याचा मृत्यू झाल्यानंतर ती पालटण्यात आली. तापमान वाढते की घटते, आकडा कोणत्या दिशेने वाढावा, हेदेखील निसर्गाने ठरवून दिलेले नाही याचा हा पुरावाच होय.

या सर्व पट्ट्यांचा पाया बर्फ आहे. लाव्वाझिए आणि लाप्लास यांनी उष्णतेचे प्रमाण मोजले तेही किती बर्फ वितळले यावरून. कावेरीच्या मैदानातील तंजावरला मात्र बर्फ पडत नाही, आणि सरफोजींच्या हयातीत तेथील व्यवहारात बर्फ नव्हताच. अमेरिकेतून जहाजाने आणलेले बर्फ कलकत्त्यास प्रथम पोहोचले ते १८३३ मध्ये, सरफोजींच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी. मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावरील बर्फगृह त्यानंतरचे. म्हणजे तंजावरात तापमापक हाती घेणाऱ्या माणसाला पट्टीचे वरचे टोक पडताळून पाहता येत होते. समुद्रसपाटीपासून फारशी उंची नसलेल्या या गावात पाणी जवळजवळ प्रमाण बिंदूवरच उकळते. खालचे टोक मात्र परदेशी कारागिराने काचेवर कोरलेल्या रेघेवर विश्वास ठेवूनच स्वीकारावे लागत होते. हे शून्य तंजावरला काचेवर लिहून आले. ते तेथे कोणी भोगलेले नव्हते.

परंपरेतून आलेला संकेत आणि स्वतःचा अनुभव यांतील हे अंतर साहित्याच्या अभ्यासकाला अपरिचित नाही. ज्या ऋतूचा अनुभव नाही त्याचे वर्णन करणारी कविता, ज्या भूमीवर पाऊल पडले नाही तिचा भूगोल सांगणारे नाटक, यांना साहित्यात स्वतःचे स्थान असते. सरफोजींच्या नावावर असलेले ‘देवेंद्र कुरवंजी’ हे मराठी नाटक याच जातीचे. तमिळ परंपरेतील भविष्य सांगणारी कुरवंजी येथे जगाचा भूगोल सांगते. दूरचे ज्ञान जवळच्या रूपबंधात ओतण्याचा हा प्रयत्न. त्यामागील बुद्धी तापमापक वाचणाऱ्या बुद्धीहून निराळी नाही. दोन्हीकडे न पाहिलेल्या गोष्टीचा आधार घेऊन पाहिलेल्या गोष्टींची मांडणी करायची असते.

भाषेतील मापनपट्टी

तापमापक येण्यापूर्वी उष्णतेचे मोजमाप नव्हते असे नाही. मराठीत ते शब्दांत साठवलेले होते. पाणी गार, कोमट, ऊन, कढत, उकळते. अंग कोमट लागते, मग अंगात कसर येते, कणकण वाटते, ताप भरतो, अंग फणफणते. या शब्दांचा क्रम कोणत्याही मराठी भाषकाला सांगता येतो. मापनशास्त्राच्या परिभाषेत ही क्रमदर्शक पट्टी आहे : कोणते आधी आणि कोणते नंतर हे ती निश्चितपणे सांगते, किती आधी, किती नंतर हे सांगत नाही. ‘कसर’ आणि ‘ताप’ यांतील अंतर ‘ताप’ आणि ‘फणफण’ यांतील अंतराएवढेच आहे काय, या प्रश्नाला भाषेत उत्तर नाही, कारण भाषेला त्या उत्तराची गरज नव्हती. वैद्यकशास्त्राची दृष्टी तर आणखी वेगळी. आयुर्वेदाने ज्वराचे आठ प्रकार मानले ते दोषांवरून; किती तापला यापेक्षा कशाने तापला हा प्रश्न तेथे पहिला.

ऋतूंच्या उष्णतेसाठीही अशीच एक जुनी पट्टी होती आणि आहे. तमिळ प्रदेशात मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून सुमारे पंचवीस दिवसांचा काळ ‘अग्निनक्षत्र’ किंवा ‘कत्तिरि वेयिल’ म्हणून ओळखला जातो. सूर्य तेव्हा अग्निदेवतेच्या कृत्तिका नक्षत्राच्या आसपास असतो. येथे उष्णतेचे माप सूर्याचे आकाशातील स्थान आहे; त्या दिवसांत वळीव पडून हवा गार झाली तरी पंचांगातील अग्निनक्षत्र चालूच राहते.

नव्या मापाला नाव देण्याची वेळ आली तेव्हा मराठीने ‘अंश’ हा शब्द दिला. तो ज्योतिषातून आलेला : वर्तुळाचे ३६० अंश, अंशाच्या ६० कला, कलेच्या ६० विकला. इंग्रजीतही वर्तुळाचा आणि तापमापकाचा शब्द एकच असल्याने हे भाषांतर बिनचूक ठरले. पण त्यात एक परिवर्तन लपलेले आहे. वर्तुळाचे अंश ३६० झाले की आरंभाशी परततात. तापमापकाचे अंश सरळ रेषेत वर-खाली जातात आणि शून्याच्या खालीही उतरतात. तमिळमध्ये कोनाच्या अंशाला ‘पागै’ हा शब्द आहे. व्यवहारात मात्र मराठी आणि तमिळ दोघींनी ‘डिग्री’ हाच उच्चार पत्करला. तंजावरजवळच्या कुंभकोणमची ‘डिग्री कॉफी’ प्रसिद्ध आहे. तिच्या नावातील डिग्री उष्णतेची नसून दुधाचा कस पाहणाऱ्या मापकाची, असे सांगितले जाते. एक परका शब्द घरचा झाला की तो स्वतःची दुसरी घरेही शोधतो.

पूर्णांकाचे अपूर्णांक

रूपांतरात अचूकता टिकते; पण आकड्याचा सूर टिकतोच असे नाही. लाव्वाझिएने वायूंची मोजमापे घेताना १० अंश रेओम्युर हे प्रमाण तापमान मानले. दहा हा आकडा सोयीसाठी निवडलेला, ‘साधारण एवढे’ असे सांगणारा. फॅरनहाइटमध्ये तो ५४.५ होतो, आणि दशांशचिन्ह दिसताच वाचकाला वाटते, की हा आकडा सूक्ष्म निरीक्षणातून निघाला असावा. मुळातील मोघमपणा रूपांतरात नाहीसा होतो आणि त्याच्या जागी नसलेली सूक्ष्मता येते.

याचे सर्वांत दूरगामी उदाहरण घराघरांत आहे. सरफोजींच्या काळात ज्वर तापमापकाने मोजण्याची पद्धत रूढ नव्हती. लिव्हरपूलच्या जेम्स करी याच्यासारखे अपवाद होते, पण रुग्णाच्या उशाशी तापमापक खऱ्या अर्थाने आला तो १८६० नंतर, क्लिफर्ड ऑलबटच्या लहान तापमापकाने आणि कार्ल वुंडरलिखच्या १८६८ च्या ग्रंथाने. लाइप्झिगच्या वुंडरलिखने निरोगी शरीराचे सरासरी तापमान ३७ अंश सेल्सिअस सांगितले. हा पूर्णांक फॅरनहाइटमध्ये ९८.६ झाला, आणि या दशांशाने शतकाहून अधिक काळ नियमाची प्रतिष्ठा भोगली. १९९२ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही सरासरी ९८.२ एवढी आढळली. मूळ जर्मन आकड्याचा सैलपणा ध्यानात ठेवला असता, तर या फरकाचे एवढे नवल वाटले नसते.

उलट दिशेनेही हानी होते. भारतात १९५६ च्या वजने-मापे कायद्यानंतर दशमान पद्धती आली आणि हवामानाच्या सरकारी नोंदी सेल्सिअसमध्ये येऊ लागल्या. तरीही तमिळ वृत्तपत्रांतील उन्हाळ्याच्या बातम्यांत फॅरनहाइटचे अंश टिकून राहिले आहेत, कारण त्यांच्याशी एक वाक्प्रयोग बांधलेला आहे : तापमान १०० अंशांवर गेले की उन्हाने ‘शतक ठोकले’ असे तेथे लिहिले जाते. क्रिकेटच्या मैदानातून उचललेली ही प्रतिमा सेल्सिअसमध्ये नांगी टाकते, ३७.८ या आकड्यावर कोणाचे शतक होत नाही. अर्थ पूर्णपणे पोहोचतो आणि उक्ती मात्र मागे राहते, हा काव्याच्या भाषांतरकाराचा नित्याचा अनुभव येथे एका हवामानवृत्तातही येतो. याचमुळे तंजावरसारख्या गावात आज एकाच घरात दोन पट्ट्या नांदतात : आकाशवाणीवरील तापमान सेल्सिअसमध्ये आणि मुलाचा ताप फॅरनहाइटमध्ये. महाराष्ट्रातही ‘एकशे दोन ताप’ म्हणताना कोणी पट्टीचे नाव घेत नाही. प्रसंगावरूनच ते कळते.

बिंदू आणि अंतर

व्यवहारात रूपांतरासाठी एक सोपी रीत सांगितली जाते : फॅरनहाइटमधून ३० वजा करा आणि निम्मे करा. ५० अंशांना ती बरोबर १० देते. उन्हाळ्याच्या १०० अंशांना ती ३५ देते; खरे उत्तर ३७.८. हवेच्या गप्पांत हे चालून जाते. पण १०४ अंश तापाला हीच रीत लावली तर उत्तर येते ३७, म्हणजे निरोगी शरीर. खरे उत्तर आहे ४०, म्हणजे तातडीने वैद्यकीय मदत मागणारा ज्वर. ठोकताळा आपल्या प्रदेशात सज्जन असतो, प्रदेश ओलांडला की घातकी. कोणताही तौलनिक ठोकताळा, मग तो दोन वाङ्मयप्रकारांविषयीचा असो की दोन कालखंडांविषयीचा, कोणत्या मर्यादेत तपासून घेतला होता हे ध्यानात ठेवूनच वापरला पाहिजे, एवढा बोध यातून घ्यायला हरकत नाही.

याहून सूक्ष्म चूक बिंदू आणि अंतर यांच्या गफलतीतून होते. तापमान २ अंश सेल्सिअसने वाढले, याचे रूपांतर करताना ३२ मिळवायचे नसतात. वाढ ३.६ अंश फॅरनहाइटची असते, ३५.६ अंशांची नव्हे. तापमान हा बिंदू आहे, त्याचे रूपांतर करताना शून्य सरकवावे लागते. वाढ हे अंतर आहे, दोन बिंदूंच्या वजाबाकीत शून्य आपोआप गळून पडते आणि उरते ते केवळ त्रैराशिक. तंजावरच्या कारकुनाचे जुने साधन येथे पुन्हा निर्दोष ठरते. तसेच ‘आज कालच्या दुप्पट ऊन’ हे विधान बोलण्यात शोभते, पण पट्टीवर त्याला अर्थ नाही. १० अंश सेल्सिअसची दुप्पट २० म्हटली तर फॅरनहाइटमध्ये ५० ची ६८ होते, आणि हे दुपटीचे नाते नव्हे. दुपटीला अर्थ यायचा तर शून्य सोयीने निवडलेले असून भागत नाही. ते सर्व उष्णतेच्या अभावाचे शून्य हवे. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढील काळातील लॉर्ड केल्विन, याने १८४८ मध्ये अशा निरपेक्ष पट्टीची कल्पना मांडली. तिचे शून्य सेल्सिअसच्या उणे २७३.१५ अंशांवर आहे. त्या पट्टीवर दहावरून वीस अंशांवर जाणे म्हणजे सुमारे २८३ वरून २९३ वर जाणे. म्हणजे दुप्पट तर नाहीच, शेकड्याला चाराहूनही कमी वाढ. २०१९ पासून केल्विन हे एकक पाण्याच्या गुणधर्मावर अवलंबून नाही. ते बोल्ट्झमनच्या स्थिरांकाचे मूल्य निश्चित करून ठरविले जाते. बर्फाचा आधार अशा रीतीने अखेर सुटला.

वाङ्मयेतिहासाचे शून्य

निसर्गविज्ञानाला निरपेक्ष शून्य सापडले. इतिहासाला ते सापडण्याची शक्यता नाही. तेथे प्रत्येक पट्टीचे शून्य कोणीतरी, कोठेतरी बसून धरलेले असते, आणि ते कोठे धरले यावर पुढचे सारे आकडे ठरतात. अर्वाचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचे शून्य बहुतेक ग्रंथांत १८१८ या वर्षी, पेशवाईच्या अस्ताबरोबर, पुणे-मुंबईच्या भूमीवर धरले गेले. त्या पट्टीवर तंजावर मोजले की ते शून्याच्या खाली उतरते : ‘पूर्वरंग’, ‘अपवाद’, ‘परिशिष्ट’ अशा उणे चिन्हांकित शब्दांत त्याची नोंद होते. वस्तुतः एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात इसापच्या गोष्टींचे ‘बाळबोध मुक्तावली’ हे मराठी रूप तंजावरच्या छापखान्यातून बाहेर पडले होते, नवविद्येच्या शाळा चालू होत्या, आणि मराठी बोलणारा एक राजा लाव्वाझिए वाचत होता. ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ सुरू झाले. ७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. एका पट्टीवर जो आरंभबिंदू, तोच दुसऱ्या पट्टीवर एका पर्वाचा अंत आहे.

यावर उपाय म्हणून शून्य उचलून तंजावरला नेऊन ठेवावे, असे सुचविण्याचा मोह होईल. पण त्याने केवळ चिन्हे बदलतील; मग पुणे-मुंबईचे सारे कार्य ‘उशिरा आलेले’ ठरेल, आणि तेही तितकेच अन्यायाचे होईल. शिवाय या दोन परंपरांत आरंभबिंदूचाच फरक आहे असे नाही. एककही भिन्न आहे. मुंबईत नवविद्येची वाढ शाळा, पाठ्यपुस्तके आणि वृत्तपत्रे यांच्या संख्येने मोजता येते, कारण तेथे तिला सरकारी आणि सार्वजनिक संस्थांचा आधार होता. तंजावरात ती एका राजाच्या आश्रयावर उभी होती. तेथे मोजायचे ते ग्रंथसंग्रह, हस्तलिखिते, उपचारांच्या सचित्र नोंदी, आणि तमिळ रूपबंधात बसविलेला मराठी भूगोल. शकाप्रमाणे अठ्ठ्याहत्तर मिळवून, किंवा चक्रमाप्रमाणे भावाने गुणून, एका परंपरेचे मोल दुसरीत सांगता येणार नाही. दोन्ही पायऱ्या लागतील, आणि त्याही योग्य क्रमाने : प्रथम तंजावरचे शून्य तंजावरच्या कागदांतून शोधायचे, नंतर एककाचा विचार करायचा.

सरस्वती महालातील मोडी दप्तराचा फार मोठा भाग आजही अभ्यासकांची वाट पाहत आहे. तो वाचणाऱ्याला लिपी येणे आवश्यक आहेच. पण प्रत्येक आकड्यापाशी थांबून हे माप कोणाचे, ते कोठून मोजले जाते आणि ते किती मोठे, हे तीन प्रश्न विचारण्याची सवयही तितकीच आवश्यक आहे. तापमानाचे रूपांतर शाळेतील मुलाला येते. शून्य कुठे धरले आहे हे विचारल्यावाचून रूपांतर करू नये, एवढे भान मात्र प्रौढ अभ्यासकालाही पुनःपुन्हा मिळवावे लागते.